टाकीवरचे दोन मिलिमीटर

प्रिय प्रतिपक्ष,

अकरा वर्षं तुला 'अहो-जाहो' केलं, तेही दातओठ खात. आज कागदावर पहिल्यांदाच 'अरे-तुरे' करते आहे, चालवून घे. समोर असतास तर जीभ वळली नसती. तुझा निरोप मिळाला. अवघ्या दोन ओळी! तिकडच्या बंदरात तीन वर्षं राहण्याचा करार कंपनीने तुझ्यापुढे ठेवला आहे, येत्या महिनाअखेरीला सही करायची आहे, आणि 'तुमचं काही म्हणणं असेल तर कळवा.' काही म्हणणं असेल तर! माझं काहीच म्हणणं नव्हतं असा एक तरी दिवस तुला आठवतो का रे? तू लग्नाचं विचारलंस त्याला पाच महिने झाले. मी 'सांगते' म्हणाले आणि तोंडाला कुलूप लावून बसले. तर आता सांगते. फोनवर नाही सांगणार. फोनवर तू मध्येच बोलतोस, मग माझा आवाज चढतो, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. मी सांगेन त्या क्रमाने, शेवटपर्यंत वाचावं लागेल.

पहिली बातमी म्हणजे तेलाचं जहाज आलं! एक्केचाळीस दिवसांनी आलं. गेल्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला धक्क्यापलीकडे दिसलं आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला. इथे काय चाललं होतं याची तुला तिथे बसून कल्पना यायची नाही. सामुद्रधुनी बंद झाल्याचं रेडिओवर सांगितलं तेव्हा लोकांनी नेहमीसारखं कानाआड केलं. कुठलं ते पाणी, कुणाची ती भांडणं, आपल्याला काय त्याचं! चौथ्या दिवशी पेट्रोल पंपावर रांग लागली. आठव्या दिवसापासून बस एक दिवसाआड धावायला लागल्या. पंधराव्या दिवशी आमच्या इमारतीत गॅसचा सिलेंडर मिळेना, आणि मग मात्र सगळे एकदम जाणकार झाले. आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकानात जगाचा नकाशा टांगला आणि त्या चिंचोळ्या पाण्यावर कापडावरच्या खडूने फुली मारली. शर्टाचं माप घ्यायला गेलेला माणूस अर्धा तास जहाजांचे मार्ग ऐकून यायचा. तुझ्या बंदरावरून, लांबच्या वळशाने जहाज आणलं तर एकोणीस दिवस लागतात हे आमच्या गल्लीतल्या पोराटोरांना पाठ झालं होतं.

आणि माझे काय हाल! मी बंदरातल्या तेलाच्या टाकीवर मोजणीला जाते हे अख्ख्या वस्तीला माहीत. टाकीत किती तेल उरलं आहे हे मला रोज कळतं आणि ते कुणालाही सांगायची मला मनाई आहे. मग लोक माझा चेहरा वाचायला लागले. मी घाईत चालले की तेल संपत आलं. सावकाश चालले की आहे अजून. एके दिवशी जुन्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून नवी चप्पल घेतली, तर संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की बाईंनी नवी चप्पल घेतली, म्हणजे वीस दिवसांची तरी चिंता नाही. त्या संध्याकाळी पंपावरची रांग खरोखरच निम्म्यावर आली! तेव्हापासून मी घराबाहेर पडताना तोंडभर हसत निघायचे. गाल दुखायचे रे. टाकीच्या पायऱ्या चढून वर गेलं, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं, की हसू उतरवून ठेवायचं आणि मोजणीचा टेप तेलात सोडायचा. तेल रोज खाली, रोज खाली. तिथे कठड्याला टेकून तू उभा असायचास, ती जागा मोकळी. भांडायला कुणी नाही आणि भीती बोलून दाखवायलाही कुणी नाही.

तुला आपली पहिली भेट आठवते? मला अशी आठवते की अजून चिडचिड होते. मी घेणाऱ्याच्या बाजूची, तू विकणाऱ्याच्या. नियम सरळ आहे. टाकी एक, टेप दोन. दोघांनी आपापला ओळंबा तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा, तेलाची ओली रेघ कुठवर आली ते वाचायचं, असं तीनदा, आणि मग दोघांनी आपापला आकडा मोठ्याने बोलायचा. तू आलास तो इस्त्रीचा शर्ट घालून. टाकीवर! माझ्या आकड्यापेक्षा तुझा चार मिलिमीटर जास्त आला. मी म्हटलं, रेघेची खालची कड वाचायची असते. तू म्हणालास, वरची. मी म्हटलं, एका मिलिमीटरला पाच हजार लिटर तेल असतं, महाशय, वीस हजार लिटर कुठल्या खिशातून आणताय? तू शांतपणे टेप पुसलास आणि म्हणालास, मिलिमीटरबाई, पुन्हा सोडू या. झालं! ते नाव मला कायमचं चिकटलं. धक्क्यावरचा दोरखंडवाला माझं खरं नाव विसरलाय. त्या दिवशी पाचदा टेप सोडून शेवटी दोघांच्या मधला आकडा धरला. पुढे अकरा वर्षं तेच. तू वरची कड वाचणार, मी खालची, दोघं घसा बसेस्तोवर वाद घालणार, आणि शेवटी मधला आकडा धरणार. किती टाक्या मोजल्या असतील आपण? पहिल्या फटक्यात आकडा जुळलाय असं एकदाही झालं नाही.

घरी येऊन मी आईपुढे तुझ्या नावाने खडे फोडायचे. आज काय म्हणाला माहितीये, आज कसा अडून बसला माहितीये! आई भाजी निवडत बसलेली असायची, हुं हुं करायची. तू गेल्यावर पंधरा-एक दिवसांनी तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, की हल्ली तू कुणाबद्दल कुरकुर करत नाहीस, तुझी तब्येत बरी आहे ना? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आईला बनवणं सोपं नाही. पण तिने पुढे काही विचारलं नाही, हेही खरं.

आईचीच गंमत सांगते. तू विचारलंस तेव्हा मी मनाशी धरलेलं पहिलं कारण आईच होतं. म्हटलं, हिला एकटीला टाकून मी संसार थाटू? पण गॅस मिळेनासा झाला आणि आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी ठरवलं, की चार शेगड्या जाळायच्या नाहीत, एकाच घरात सगळ्यांचं शिजवायचं. घर कुणाचं? आमचं. सेनापती कोण? आई! तिला गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. बँकेतला कारकून भांडी विसळतोय, नर्सबाई पीठ मळतायत, निवृत्त मास्तर भाज्या चिरता चिरता सामुद्रधुनीवर भाषण ठोकतायत, आणि आई त्यांना म्हणतेय, आधी बोटं सांभाळा, जग नंतर सांभाळा. घर नुसतं दणाणून जायचं. एवढं हसणं त्या घरात मी लहानपणापासून ऐकलं नव्हतं. एकदा मी कामावरून लवकर आले तर माझ्याकडे पाहून आई म्हणाली, तू लवकर आलीस की आमच्या गप्पा मोडतात गं. ऐकलंस? जिच्यासाठी मी स्वतःला अडकवून घेतलं होतं, तिला माझी अडचण होत होती! आता सिलेंडर आले तरी ही मंडळी आपापल्या घरी जायला तयार नाहीत. तेव्हा आईचं कारण गेलं. वयाचं कारण मी स्वतःच काढून टाकलं, कारण तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहेस आणि तुला लाज वाटत नाही तर मला का वाटावी?

मग गाडी कुठे अडली? त्या दिवसाकडे येते. आपली शेवटची टाकी. आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला होता. तीनदा टेप सोडून झाले. मी आकडा बोलले, अकरा मीटर चारशे चौऱ्याऐंशी. तू वहीतून मान वर न करता म्हणालास, चारशे चौऱ्याऐंशी. पहिल्या फटक्यात! अकरा वर्षांत पहिल्यांदा! आपण दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं जणू कुणाचं तरी पाकीट मारलं गेलंय. तू म्हणालास, पुन्हा सोडू या का? मी म्हटलं, काही गरज नाही. मी! गरज नाही म्हणाले! तुला तिथेच कळायला हवं होतं. आपण सह्या केल्या. आणि मी फडक्याने टेप पुसत असताना तू म्हणालास, की कंपनी मला लांबच्या बंदरावर पाठवते आहे, पण तुम्ही माझ्याशी लग्न कराल तर मी नाही म्हणून सांगतो. एवढंच, एका दमात. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं, ते थेट टाकीच्या पायथ्याशी. मी 'सांगते' म्हणाले आणि पायऱ्या उतरले. तू आठ दिवस वाट पाहिलीस, रोज धक्क्यावर काही ना काही निमित्त काढून आलास, मी रोज कामात असल्याचं सोंग केलं, आणि नवव्या दिवशी तू गेलास. त्या नऊ दिवसांबद्दल मला क्षमा कर. मी तुझ्यावर रागावले नव्हते. स्वतःला घाबरले होते.

आता मंगळवारच्या जहाजाचं सांगते म्हणजे बाकीचं कळेल. धक्क्याच्या बाहेर बांधावर निम्मं गाव जमलं होतं. शिंपी दुकान बंद करून आला होता. जहाज लागलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, एक आजोबा तर दोरखंडवाल्याच्या गळ्यात पडले. दीड दिवस पंप चालू होते, आणि मग तेल स्थिर झाल्यावर मी टाकीवर गेले. कागदांच्या गठ्ठ्यात वरच तुझी सही. तिथे जहाज भरताना तू मोजलंस, इथे उतरल्यावर मी मोजायचं. तुझा तो आडवी रेघ मारलेला सात पाहिला आणि मला वेड्यासारखा आनंद झाला. तुझ्या जागी आलेला नवा प्रतिपक्ष तिथे उभा होता. गोड माणूस आहे. पण काय उपयोग? मी आकडा बोलले की म्हणतो, मॅडम म्हणतील ते. टेपकडे न बघता वहीत लिहितोसुद्धा! मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, अहो, एक्केचाळीस दिवस हे गाव श्वास रोखून बसलंय, या टाकीवर बस धावणार, दवाखान्याचा जनरेटर चालणार, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून आकडा लिहिता? इथे दोन माणसं ठेवलीत ती एकमेकांना हो म्हणायला नाही ठेवली. त्याला चारदा टेप सोडायला लावला. बिचारा घामाघूम झाला. चौथ्यांदा दबकत म्हणाला, मला दोन मिलिमीटर जास्त दिसतायत. असा आनंद झाला म्हणून सांगू!

पण ते सोड. खरी गोष्ट पुढे आहे. तू जहाज भरताना लिहिलेल्या आकड्याशी ताळा करून पाहिला तर माझ्या टाकीत तेल तीन मिलिमीटर कमी भरत होतं. एवढ्या लांबच्या प्रवासात तेवढी घट होतेच, त्यात वावगं काही नाही. तरी माझा हात वहीवर थबकला. वाटलं, तुझा आकडा बरोबर ठरावा. तीन मिलिमीटर वर लिहिले तर कुणाला कळणार आहे? तू एकोणीस दिवसांच्या समुद्रापलीकडे, आणि मी इथे तुझी बाजू घ्यायला निघालेली! मी खरा आकडा लिहिला. आणि मग पाच महिने जे स्वतःशीही बोलले नव्हते ते मनात नीट उभं राहिलं. त्या शेवटच्या टाकीवर माझ्या टेपवर चारशे ब्याऐंशी होते. ब्याऐंशी! मी चौऱ्याऐंशी म्हणाले. मुद्दाम म्हणाले. त्या दिवशी तुझ्याशी भांडायची इच्छाच नव्हती मला. तू दोन दिवस गप्प गप्प होतास, तुला बरं वाटावं म्हणून दोन मिलिमीटर वर चढले. दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन पुन्हा मोजलं. ब्याऐंशीच. आणि मला तुझी वाचायची पद्धत पाठ आहे रे. तू नेहमी माझ्यापेक्षा चार वर असतोस. तुझ्या टेपवर शहाऐंशी असणार. म्हणजे मी दोन चढले आणि तू दोन उतरलास. त्याच टाकीवर, त्याच मिनिटाला, एकमेकांना न सांगता. हे लक्षात आलं तेव्हा मी आधी रडले आणि मग इतकी हसले की आईने बाहेरून दार वाजवलं.

कुणाचं नुकसान झालं नाही हे खरं. भांडलो असतो तरी शेवटी मधला आकडाच धरला असता, आणि तो चौऱ्याऐंशीच होता. पण आपल्या धंद्यात हे पाप आहे, तुलाही माहीत आहे. म्हणून तुझं विचारणं ऐकून मी 'सांगते' म्हणत पायऱ्या उतरले. हो म्हणावं तर मी तुझ्यासमोर प्रतिपक्ष म्हणून उभी राहायला लायक नाही. नाही म्हणावं तर जीव जातो. गेल्या शुक्रवारी मी साहेबांकडे गेले. लेखी दिलं की अमुक टाकीवर मी टेपवरचा आकडा न सांगता दोन मिलिमीटर वाढवून सांगितला, आणि यापुढे विक्रेत्याच्या माणसासमोर मला उभं करू नये. फक्त माझे दोन लिहिले. तुझ्या दोनाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, ते तुझं तुला सांगायचं तर सांग. साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. मला वाटलं, आता चौकशी, शेरा, कदाचित घरी बसवतील. तर म्हणाले, शेरा मारावा लागेल, तो मारतो. आणि मग हळूच म्हणाले, पण त्यांना हो कळवलंत का? मी म्हटलं, कुणाला? म्हणाले, अहो, धक्क्यावर गेली सहा वर्षं सगळ्यांना माहीत आहे, तुम्हा दोघांनाच कळवायचं राहिलं होतं.

तर कालपासून मी आपत्कालीन साठ्याच्या टाक्यांवर आहे, डोंगराच्या पोटातल्या. तिथे कुणी विकत नाही, कुणी घेत नाही. पुन्हा कधी पाणी बंद झालं तर गाव चालावं म्हणून ठेवलेलं तेल, नुसतं स्वस्थ असतं. आठवड्याला एकदा जायचं, आहे ना जागेवर ते बघायचं. समोर प्रतिपक्ष नाही, वाद नाही, मरणाचा कंटाळा येणार आहे. पण तिथे मी कुणाची कोण लागते याने काही बिघडत नाही, आणि विक्रेत्याच्या बाजूच्या तुझ्या इथल्या जागेवर परत यायलाही आता माझी आडकाठी नाही, तू यायचं म्हणालास तर. हा बदल मी तुझ्या उत्तराची वाट न बघता मागून घेतला. तू करारावर सही केली असशील तरी तो मागे घेणार नाही. तीन वर्षं थांबायचं तर थांबेन, दर जहाजाबरोबर एक भांडणाचं पत्र पाठवीन. पण माझं ऐकशील तर सही करू नकोस. माझं उत्तर हो आहे. त्याच दिवशी हो होतं, टाकीवर, फडकं पडायच्या आधीपासून. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे आणि रोज घरात वरच्या कडेवरून आणि खालच्या कडेवरून भांडायचं आहे. हे पत्र उद्या त्याच जहाजाने निघतंय. कप्तानाला सांगितलंय, तू जहाजावर चढलास की तुझ्याच हातात द्यायचं. एकोणिसाव्या दिवशी तू तिथे रिकाम्या टाक्या तपासायला चढशील, महिनाअखेरीला तेव्हा आठ दिवस असतील. आपल्या दोघांचा अनुभव काही चांगला नाही, म्हणून पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, मोजणी पुरी झाल्याशिवाय उघडू नये.

तुझीच,
मिलिमीटरबाई